जबाबदार माणसाचं नाव

अगं, परवाच्या वादळात आमच्या विश्रांतवाडीत काय झालं ते ऐकच! दुपारची वेळ. असा वारा सुटला की खिडकीतली कुंडी थेट ओट्यावर! पाठोपाठ बाहेर धाडकन आवाज झाला आणि अख्ख्या गल्लीचे लाइट गेले.

आमचे हे, म्हणजे सबनीस, सोसायटीचे चेअरमन. त्यांनी लगेच तक्रारीचा फोन लावला. "कुणाचं तरी काहीतरी उडून तारांवर पडलंय. आमच्या गच्चीवर मी रुमालसुद्धा वाळत घालू देत नाही. जबाबदार कोण? मला नाव हवंय!" तासाभरात हेच पाच वेळा.

मी म्हटलं, "अहो, दमानं घ्या."

"नाव कळल्याशिवाय आज सोडत नाही मी!"

शेवटी वायरमन आला. यांनी त्यालाही गाठलंच. "आधी नाव सांगा."

"वर जाऊन बघतो, साहेब," म्हणत तो खांबावर चढला. खाली सगळी गल्ली माना वर करून उभी! तारांत अडकलेला पत्रा काढून तो उतरला. पत्रा उलटा केला आणि मोठ्यांदा वाचायला लागला, "गच्चीवर काहीही वाळत घालू नये. वाऱ्याने उडाल्यास शोधून मिळणार नाही. हुकमावरून, सबनीस, चेअरमन."

यांचा चेहरा बघायला हवा होतास! वायरमनने पाटी शांतपणे यांच्या हातात ठेवली.

"घ्या साहेब, नाव. आणि उडालेलं आम्ही शोधूनही देतो."