चादरीचं टोक

दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांचे यजमान, पूर्वीचे शिंपी, मनगटाला पट्टा बांधून बाहेर आले.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? कात्रीनंच केलं ना हे?"

"कात्री सोडून किती वर्षं झाली, बाई! म्हणाल्या, रात्रभर मनगट मुडपून झोपता, त्यानं नस दाबली जाते. म्हणून बोटांना मुंग्या येतात."

"येणारच! माझी चादर मुठीत आवळून झोपता. सकाळी बघावं तर माझे पाय उघडे. चादर ओढायची खोडच आहे तुम्हाला!"

"ओढत नाही गं. टोक धरून ठेवतो."

"कशाला?"

"तू अंधारात उठलीस आणि मोरीत पडलीस, तेव्हापासून. तू उठलीस की चादर हलते, मला जाग येते."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर माझी झोप मोडेल म्हणून तू उठलीच नसतीस. अवघडून पडून राहिली असतीस."

आजींनी तोंड फिरवून मांडीवरची पिशवी आवरायला घेतली.

"चिडलीस?"

"आजपासून भिंतीकडे मी झोपणार. उठायचं झालं तर तुम्हाला ओलांडूनच जावं लागेल. आणि त्या मनगटावर पाय पडला, तर बोंबलायचं नाही!"