रामीबाईनं लॅपटॉप उमरखेडले नेला

आता मले सांगा, 'नवा घ्या' हे काय सांगनं झालं का हो? महागावच्या त्या दुकानदारानं लॅपटॉप उघडूनसुद्धा पाह्यला नाही! नुसता वरून टकटक वाजवला, टरबूज वाजवते तसा, अन रामीबाईले म्हणते कसा, "बाई, याचं वय झालं. नवा घ्या." अरे वा! वय झालं म्हून नवा? मंग तिच्या नवऱ्याचं, धावजीचंबी वय झालं, उठता-बसता गुडघा वाजते, त रामीबाईनं त्याले बदलवून टाकाव का? अन घेतलाबी असता, तुमाले सांगतो, कापूस निघाला का नवाच घेऊ असं घरात ठरलंच होतं. पन त्या साली बोंडअळी आली... बोंड फोडलं का अंदर गुलाबी अळी, अशी निवांत पडलेली, जशी काय घरची मालकीण... जाऊ द्या. ते बोलनं काढलं त आपली इथंच संध्याकाळ होईन.

त लॅपटॉप. हा मुळातला भावसिंगचा. भावसिंग म्हंजे रामीबाईचा भाऊ, पुसदले हापिसात कारकून. त्यानं वापर वापर वापरला, अन भाची वर्षा, रामीबाईची पोरगी, दहावीत चांगली पास झाली तवा तिले देऊन टाकला. बॅटरी मेलेली, वायर निघाली का खेळ खतम. एक बिजागरी तुटकी, म्हून झाकन पितळी लोट्याले टेकवून ठेवा लागे. अन बटन दाबलं का पडद्यावर ती चकरी! गोल गोल गोल... वर्षा बटन दाबे अन भाकरी थापाले जाये. चार भाकरी झाल्या का येऊन पाहे, चकरी फिरूनच राह्यली! बकरीचं दूध काढून ये, चकरी फिरूनच राह्यली! एकदा त म्हनते बादलकाकाच्या घरचा नामकरनाचा जेवनवार आटपून आली पोरगी, हात धुतले, येऊन पाह्यलं... काय सांगू? फिरूनच राह्यली!

पन जून महिन्यात ही गंमत गळ्याशी आली. वर्षाले अमरावतीच्या शेतकीच्या कॉलेजचा फॉर्म भराचा होता, इंटरनेटवर. ती साइट म्हने, पंधरा मिनटांत भरा, नाही त पुन्हा पह्यल्यापासून. आता या लॅपटॉपले 'वर्षा धावजी आडे' एवढं लिहाले बारा मिनटं लागत! जातीच्या खान्यापर्यंत पोचेपर्यंत टाइम संपे. सात वेळा भरला, सात वेळा पुसला. महागावच्या नेटवाल्यानं घाईगर्दीत तिच्या मैत्रिणीचा फॉर्म चुकवून ठेवला होता, म्हून वर्षा अडून बसली, मी माह्या हातानंच भरीन. अन आखरी तारीख परवा!

त्या सकाळी मायलेकीचं वाजलं. रामीबाई फक्त एवढंच म्हनली, "नाही भरला त राह्यला, इथंच शिक काहीतरी." बस! पोरगी फनफनली, "मले नाही राहाचं इथं, याडी! मले जायाचंच हाये!" याडी म्हंजे आई, तांड्यावर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत तसंच म्हनतात. रामीबाईनं चुलीत लाकूड सारलं. पन ते 'जायाचंच हाये' तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. एवढं काय वाईट केलं आपन का पोरीले पळून जावं वाटाव?

वर्षा दाखल्यासाठी तहसीलच्या लाइनीत उभी राहाले गेली. धावजी पेरनीत. मंग उरलं कोन? रामीबाईनं आरशाच्या भरतकामाच्या ओढनीत लॅपटॉप गुंडाळला अन उमरखेडची एसटी धरली. कंडक्टर म्हने, "मावशी, मांडीवर काय, लेकरू हाये का?" ही म्हने, "लेकरूच समजा, पन याचं अर्धं तिकीट मांगू नका."

उमरखेडले गुलाम नबीचं दुकान. म्हातारा पह्यले रेडिओ दुरुस्त करे, आता डोळ्यानं कमी दिसते, म्हून गल्ल्यावर बसून चाय पिते अन काम करते त्याची सून, गझाला. रामीबाईले वाटलं, ही एवढीशी बाई काय करीन? अन गझालानं बोटभर लांब पेचकस घेतला, टकाटक सोळा स्क्रू काढले, खालचं झाकन उचललं... अन दोघी पाहतच राह्यल्या. पंख्यात कापूस! पांढराफटक, चांगला मूठभर!

"मावशी, हे काय?"

आता सांगाव काय? आदल्या साली भाव वाढन म्हून घरातल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत रचून ठेवला होता, अन वर्षा त्याच गंजीवर बसून अभ्यास करे. पंख्यानं वढला असन अंदर. रामीबाईनं तो कापूस हातात घेतला, बोटानं वढून धागा पाह्यला, अन म्हनली, "चांगला लांब धाग्याचा हाये व. वावरात अळीनं खाल्ला, अन याच्या पोटात पीक!" म्हातारा गुलाम नबी एवढा हसला का चाय बशीत सांडली.

मंग गझालानं समजावलं. "मावशी, जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून हळू. नव्या डिस्कमध्ये काहीच फिरत नाही. आणि मेमरी दोनच जीबी हाय, त्यात चारची भर घालते. फिर देखो, उडेल!"

"फिरत नाही त चालते कशी?"

"वही तो मैं पूछता, बहन!" गुलाम नबी म्हने, "रेडिओमें भी कुछ तो फिरता था!"

"अन मेमरी बदलली," रामीबाईनं हळूच इचारलं, "त पह्यलेचं सारं विसरन का हा?"

"नाही मावशी, सगळं उचलून नव्यात टाकते. पण नवी डिस्क लहान हाय. आणि जुनी आता टिकटिक करते, किसी भी दिन जाएगी. थोडं काढावं लागेल. सांगा, काय ठेवू?"

घ्या आता! रामीबाईले अक्षर वाचता येत नाही, अन पोरीच्या साऱ्या संसाराची निवड तिनं कराची! वर्षाले फोन लावला त तहसीलीच्या गर्दीत उचलेच ना. मंग गझाला एकेक उघडून दाखवे. भावसिंगच्या साहेबाच्या निरोपसमारंभाचा व्हिडिओ, तीन घंट्याचा. "काढ." भावसिंगच्या साळ्याची वरात, चार भागात. रामीबाई जरा थबकली... "नवरी चांगली होती व. पन काढ." अन मंग एक खानं निघालं, बरंच मोठं. वरून नाव, 'याडी'.

गझालानं पह्यलंच वाजवलं. अन साऱ्या दुकानात रामीबाईचा आवाज घुमला: "वर्षाऽऽ! उठ व! ऊन कमरेपर्यंत आलं, अन हे अजून गोधडीत! कोन्त्या राजाची रानी हाये तू?" रस्त्यावरचा केळीवाला वळून पाहाले लागला. रामीबाईनं लाजून पदर तोंडावर घेतला. "बंद कर व माय! हे काय भरून ठेवलं पोट्टीनं? काढ, काढ ते सारं. माह्या आवाजाचं काय कराचं, तो त घरी फुकट भेटते!"

पन गझालाचा हात काही हालला नाही. "असे दोनशे बारा आवाज हायत, मावशी," ती म्हनली. "थांबा जरा." तिनं दुसरं लावलं. दुपारचा आवाज असन, कारन दूर कुठं कोंबडी बोले. रामीबाई कोनाच्या तरी डोक्याले तेल चोळत असन, चपचप ऐकू ये, अन गुनगुनून राह्यली, लहानपनी वर्षाले थोपटताना म्हने तेच. आपन ते अजूनबी म्हनतो, हे तिले सोताले माईत नव्हतं! अन शेवटी एकदम मोबाइलजवळ, वर्षाचा बारीकसा आवाज: "आज याडी रागात हाये. पन भरलं. हे अमरावतीले न्यायाचं. तिथं झोप नाही आली त."

रामीबाईनं स्टूल वढलं. बसली. ज्या पोरीले आपल्यापासून पळायाचं होतं, ती आपल्याले दोनशे बारा तुकड्यांत गाठोड्यात बांधून राह्यली होती... गझालानं पान्याचा गिलास समोर ठेवला. गुलाम नबी खिडकीबाहेर पाहत राह्यला, जसं काय त्याले ऐकूबी येत नाही.

"भावसिंगच्या घराचे फोटो काढ," रामीबाई शेवटी म्हनली. "हे राहू दे."

मंग उचलाउचली सुरू. पडद्यावर आकडा चढे, दहा टक्के, तीस टक्के, अन बाजूले कोन? चकरी! फिरूनच राह्यली! दोघींनी भाकर-ठेचा वाटून खाल्ला. सत्तरवर आकडा अडला, अन तेवढ्यात लाइन गेली! पंखा बंद, ट्यूब बंद. रामीबाईनं झडप घालून लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला, जसा काय त्याचा जीव निघून चालला! गझाला म्हने, "मावशी, छोडो, या टेबलाला इन्व्हर्टर हाय." पन ऐकते कोन? शंभर होयेपर्यंत सोडला नाही.

अन मंग बटन दाबलं... तुमाले सांगतो, रामीबाई सवयीनं उठून हात धुवाले चालली होती. एक पाय उंबऱ्याबाहेर, अन गझाला म्हने, "झालं!" चकरी दिसलीच नाही हो!

दुसऱ्या दिवशी वर्षानं सात मिनटांत फॉर्म भरला. मंग 'सबमिट' दाबलं, अन साइटच अडकली. आपला लॅपटॉप एकदम तयार, अन तिकडून चकरी, फिरूनच राह्यली! धावजी म्हने, "आता या साइटवाल्यांचा नेऊ का गझालाकडे?" पन गेला फॉर्म. ऑगस्टमध्ये लिस्ट लागली अन पोरगीबी गेली. जाताना रामीबाईनं तोंडातून एक शब्द काढला नाही, ना रेकॉर्डिंगचा, ना दुकानाचा. नुसती ओढनी नीट गुंडाळून दिली.

आता परवाची गोष्ट. वर्षाचा फोन आला. "याडी, रागावू नको. तुह्या हाकेचा मी सकाळचा अलार्म लावला. रूममधल्या तिघी पोरी पह्यल्या दिवशी घाबरून पळाल्या, आता त्याच म्हनतात, मावशीले लाव. सारी रूम पाच वाजता उठते. फक्त कशफ उठत नाही. ती म्हनते, मावशी मले थोडीच बोलावून राह्यली, ती त वर्षाले बोलावते."

रामीबाईनं कपाळाले हात लावला. मंग फोन तोंडासमोर धरला, खाकरली, अन म्हनली, "बरं, भर." अन अशी वरडली, अशी वरडली का तांड्यावरचे कुत्रे भुकाले लागले: "कशफऽऽ! उठ व माय! तुह्यासाठी काय वेगळं आमंत्रन धाडू का?"

फोन ठेवला अन धावजीले म्हनते, "पाहा जी. एकीले शिकाले धाडलं, अन इथं बसून चौघी उठवाच्या झाल्या."