दादाच्या सुरामागं

आमचं मूळ घोडनदीचं, म्हंजी शिरूरचंच वो, जुनी माणसं घोडनदीच म्हणत्यात. वडील मार्केट यार्डात हमाल, आम्ही दोघं भाऊ, दादा मोठा आन् मी धाकटा. दादाला तोंडाच्या बाजाचा लई नाद, माउथ ऑर्गन वो, शिकवला कुणीच न्हाई, पण गाणं एकदा कानावर पडलं की वाजवणारच. मी आपला त्याच्या मागं मागं.

मग मी रेल्वेत लागलो, दौंडला. तिथं क्वार्टरमधी एक म्हातारे गार्डसाहेब होते, त्यांच्याकडं हा बाजा बघितला. हा बघा, हात लावा की, लाजताय कशाला. वर एक लांब बाजा, खाली एक, दोन्ही टोकांना बिजागऱ्या. आता ह्याच्यात गाणं वाजत न्हाई. काय सांगू तुम्हाला, लोकांना हेच पटत न्हाई. तोंड लावलं की तीन-चार सूर एकदम निघत्यात, त्याला कॉर्ड म्हणायचं. फुंकलं की एक, श्वास आत ओढला की दुसरी, वरच्या बाजूला हसऱ्या, खालच्या बाजूला रडव्या. दोन्ही हातांनी तोंडापुढनं इकडनं तिकडं सरकवत न्यायचा आन् जिभेनं ठेका द्यायचा, टुक-टुक, टुक-टुक. गाणं दुसऱ्यानं वाजवायचं, आपण त्याला खालून धरायचं. साहेबांनीच मला शिकवलं, आन् लेकीकडं राहायला निघाले तवा म्हणाले, घेऊन जा रे, तुझा भाऊ वाजवतो ना, ह्याला एकटा ठेवू नको.

तवापास्नं सुट्टी लागली की मी एसटीनं शिरूरला. हळद असू दे, बारसं असू दे, गणपतीचा मांडव असू दे, आम्ही दोघं हायेच. दादाला पोरगी बघायला तळेगाव ढमढेऱ्याला गेलो, तर वहिनीचे वडील म्हणाले, मुलाला येतं काय काय? मग दादानं त्याच्या आवडीचं गाणं वाजवलं, मी मागनं कॉर्ड दिली. आन् म्हाताऱ्यानं टोपी-नारळ दिला कुणाला? मला! मोठा बाजा ज्याच्या हातात तोच नवरदेव, असं धरून बसलेले ते. दाराआडनं वहिनी हसली, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

गेल्या साली दादा गेला. छातीचा आजार, लई हाल झाले. वहिनीनं तवापास्नं अंथरूण धरलं. पुतणी कारेगावला दिली हाय, ती येऊन जाऊन करती. एकदा गेलो तर वहिनी म्हणाली, भावजी, मला बघायला आलेलात तवाचं ते गाणं एकदा ऐकवा की, आन् दादाचा छोटा बाजा माझ्या हातात दिला. म्हणलं बरं. पण मला येईना वो. सूर सगळे डोक्यात हायेत, पण त्याच्यात एकच भोक धरायचं, बाकीची जिभेनं झाकायची, आन् माझं तोंड जन्मभर मोठा घास घ्यायला शिकलेलं. कुठंबी तोंड लावलं की चार सूर एकदम. घरी नेऊन किती दिवस केलं, व्हट सोलले, पण न्हाई, एकटा सूर माझ्या तोंडाला धरताच येत न्हाई. तिची तब्येत रोज उतरतीय, आन् तिनं मागितलं काय तर एक गाणं, तेबी मला देता येईना. ह्या वयात लई रडलो मी.

शेवटी दिवाळीत माझाच बाजा घेऊन गेलो. म्हणलं वहिनी, गाणं न्हाई जमलं, माझ्या वाटणीचं तेवढं वाजवतो. वाजवाया लागलो तर पुतणी म्हणती, काका, सुरू कवा करताय? तिला वाटलं अजून तयारीच चाललीय. तिचं काय चुकलं, गाणं कुठं होतं त्यात. वहिनी डोळे मिटून पडलेली. मी पहिल्यासारखा, लग्नाच्या मांडवातल्यासारखा ठेका धरून चाललो होतो. मधीच तिनं हात उचलला, म्हणाली, भावजी, दमानं घ्या, त्यांना श्वास पुरत न्हाई.

मी हळू केलं. दादाला दम खाऊ दिला, मग पुढची कॉर्ड दिली. गाणं पुरं झालं तवा वहिनी झोपली होती.

आता दर रविवारी जातो, तसंच हळू वाजवतो. ती हाय तवर वाजवीन. तुमची जोडीची माणसं तुमच्यापाशी राहू द्यावीत देवानं, दुसरं काय मागू.