खंडेनवमीची हवा

माझं माहेर खानापूरकडचं, घरात सायकलसुदीक न्हवती आमच्या, आन लगीन हून आले ती बेळगावजवळ काकतीला, हायवेच्या कडंला, टायराच्या दुकानात. काय सांगू ताई तुम्हाला, पहिल्या दिवशी सासूनं चूल दाखवली आन नवऱ्यानं कंप्रेसर दाखवला. त्यो फटफट सुरू झाला तशी मी किंचाळून भाईर पळाले, आन मालक हसतोय हसतोय, म्हणतोय अगं हवाच हाय ती, खातीया व्हय तुला? मग हळूहळू शिकले. पंक्चर काढाय शिकले, टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठनं येतोय ते बघाय शिकले. मालकाला वारं गेलं, एक बाजू पडली, तवापास्नं दुकान माझ्याच अंगावर आलं, आन त्यो गेल्यावर तर काय बोलायचंच न्हाय. लोकं म्हणायची बाईमाणूस टायर खोलतीया बघा. खोलतीया तर खोलतीया, तुमच्या बाचं काय जातंय? आता सगळा हायवे मला आक्का म्हणतोय. कन्नड डायवर येतात, आक्का, गाळी चेक माड्री म्हणतात, म्हंजे हवा बघा, मीबी म्हणते, बघते की रं बाबा, उतर तर खाली.

टायर खोटं बोलत न्हाय बघा. दोनी कडा झिजल्या म्हंजे हवा कमी ठेवून गाडी पळवलीया. मधनं झिजला म्हंजे हवा जास्त कोंबलीया. खाचंत बारकी गाठ असतीया रबराची, रबर झिजत झिजत त्या गाठीच्या बरोबरीला आला की टायर संपला, मग त्यावर देव बसला तरी घाटात धरणार न्हाय त्यो. आन हवा बघायची ती सकाळी, टायर गार असताना. गाडी पळवून तापवून आणायची आन मग म्हणायचं हवा बरोबर हाय, काय उपयोग हाय त्येचा? लोकांस्नी हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, आन घरातल्या एकाला पटलं न्हाय.

त्यो म्हंजे माझा महेश. एकुलता एक. भाड्याची गाडी चालवतोय, बेळगाव-निपाणी, कधी कोल्हापूर. गाडी लई छान ठेवतोय, आरशाला माळ, शिटांना कव्हर, पण टायराचं नाव काढलं की तोंड वाकडं. मागचे दोन गोटा झाल्ते, मधनं हात फिरवला तर नुसता गुळगुळीत. जास्त हवा भरली की गाडी हलकी पळतीया म्हणायचा, डिझेल वाचतंय. मी म्हटलं डिझेल वाचंल रं, तू वाचशील काय? तर म्हणायचा आई, तू रबराकडं बघतीस, मी रस्त्याकडं बघतो. दरवेळी पुढच्या महिन्यात घालतो, पुढच्या महिन्यात घालतो.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पूजेला लावत्यात, पाना, हातोडा, हवेचा गेज, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, कंप्रेसरला हार, आन दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला म्हणून हात लावायचा न्हाय. गिऱ्हाईक आलं तरी हात जोडायचे, उद्या या म्हणायचं. महेशनं गाडी दारात आणली, ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवले. आन मग सांगतोय, टिळकवाडीची माणसं हाईत, गोव्याला सोडायचीत, चोर्ला घाटानं, आत्ताच निघतो. आभाळ भरून आलतं, घाटाकडं पाऊस लागलेला. म्हटलं महेशा, ह्या टायरावर जाऊ नगंस रं. म्हणाला, पूजा झालीया गाडीची, आता काय हुतंय? पाया पडले ताई मी त्याच्या. आईनं लेकाच्या पाया पडायचं, हे कुठं असतंय? तर हसला आन आत गेला कपडे बदलायला.

मी काय केलं, देवाच्या पाटावरची फुलं बाजूला सारली आन व्हॉलची, म्हंजे चाकात हवा धरून ठेवणारी, पिन काढायची किल्ली उचलली. चारी चाकांच्या पिना काढल्या, फुसऽ करून हवा गेली, गाडी लिंबावर बसली. पिना पदराला गाठ मारून कनवटीला खोवल्या. त्यो भाईर आला आन बघतच राह्यला. पुढच्या दुकानात पळाला, तर त्येंचाबी कंप्रेसर पूजेला लावलेला, उद्या ये म्हणाले. पंपावर विचारलं, तिथंबी मशीनला हार. आख्ख्या हायवेला त्या दिवशी हवा मिळाली न्हाय माझ्या लेकाला. ती माणसं दुसऱ्या गाडीनं गेली.

मग जे बोलला ते आजून कानात हाय. म्हणाला, आई हून माझ्या पोटावर पाय दिलास. पूजेतलं हत्यार उचललंस, गाडीची पूजा मोडलीस, आता माझं काय बरंवाईट झालं तर ते तुझ्या हातानं झालं म्हणून समज. दुसऱ्या दिवशी कुठनं तरी पिना आणल्या, हवा भरली, बायकोला घेतलं आन बेळगावात, खासबागात, खोली करून राह्यला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तिळगूळबी दिला न्हाय. पिना माझ्याकडंच हाईत, ह्या बघा.

मी चुकले म्हणत न्हाय. आज परत तसं झालं तर परत काढीन. पण त्येचं ते बोलणं मला खातंय ताई, जेवण जात न्हाय. हायवेला ब्रेक जोरात लागला की जीव उडतोय माझा. फोन केला तर कट करतोय. एका डायवराकडनं निरोप धाडला, बाबा, बोलू नगंस, पण टायर घाल. तर उलटा निरोप, सांग तिला, देव बघतोय माझ्याकडं.

रोज जातोय त्यो हितनं. हॉर्न वळखते मी. परवा हायवेचं काम हुतं म्हणून गाड्या आतनं सोडल्या, माझ्या दारावरनं. टबातलं पाणी सांडून चिखल झालता, त्येच्यावरनं गेला. काच वर, मान सरळ. मी धावत जाऊन चिखलात बघितलं. कडंला दोन रेघा उठल्यात आन मधी काय न्हाय. सपाट. तिथंच बसले मी, चिखलात, लोकं म्हणाली काय झालं आक्का, काय सांगू त्येंना?

आमच्या धंद्यावर लोकं आळ घेतात, हीच माणसं रस्त्यावर खिळे टाकतात म्हणून. देवाशपथ सांगते, आख्ख्या जन्मात एक खिळा टाकला न्हाय, उलट दिसला तर उचलून डब्यात ठेवलाय. आन आता सकाळी कंप्रेसर सुरू करायच्या आधी हात जोडते, आन मागते काय, तर देवा, माझ्या लेकराच्या टायरात खिळा घाल. पण घाटात नगं, पावसात नगं. हितं, माझ्या दारात, गाडी हळू असताना. शिव्या देत का हुईना, उतरू दे त्येला.