सगळी मशीनं हिम्मतराव

(सिकंदराबादजवळचं चिक्कडपल्ली, औषधांच्या एजन्सीचं ऑफिस, १९९९. मालक हिम्मतराव, टायपिस्ट भामा आणि कॉम्प्युटर जोडायला आलेला अमरदीप.)

अमरदीप : परत नाही म्हणालं बघा. या नावाचं मशीन आधीच आहे म्हणतंय.

हिम्मतराव : कायकू नाही? सर्व्हर माझा आहे ना?

अमरदीप : साहेब, तिन्ही कॉम्प्युटरना तुम्ही 'हिम्मतराव'च नाव द्यायला लावलं. पहिला घेतला सर्व्हरनं. दुसऱ्याला दारातच अडवलं.

हिम्मतराव : दुकान माझं. मग काय शेजाऱ्याचं नाव देऊ?

अमरदीप : काहीही द्या, फक्त वेगळं द्या. ह्याला 'टेबल-दोन' करतो. ...हं. बघा, डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या घरात, स्वागत आहे म्हणालं.

भामा : दादा, सर्व्हर आतल्या खोलीत, मी इथं. मी कोण ते त्याला कसं कळंल?

अमरदीप : मशीनची ओळख एकदाच करून द्यायची, ताई. ती झाली. माणसाची रोज सकाळी. नाव आणि पासवर्ड जुळला की आत.

भामा : आन् मी रितेश साहेबांच्या टेबलावर जाऊन बसले तर?

अमरदीप : तरी तुम्ही भामाच.

हिम्मतराव : प्रश्न नक्को गं. चहा सांग.

भामा : सांगितलाय. दादा, आन् फाइल? कुणी केली, कुणी बदलली, ते कळतंय?

अमरदीप : ठेव म्हटलं तर सगळी नोंद ठेवतो सर्व्हर.

हिम्मतराव : इंजिनियर, हिला वेगळं काही नक्को. माझ्या पुतण्याच्या, रितेशच्या नावानंच आत सोड.

भामा : म्हणजे परत तेच. सिकंदराबादच्या दवाखान्याचे रेट मी बरोबर टाइप केलते, साहेब. मागनं कुणीतरी बदलले. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं.

हिम्मतराव : जुनं काढू नको.

भामा : जुनं कुठंय? गेल्या महिन्यातलं आहे.

हिम्मतराव : ...बरं. दे हिला वेगळं. 'टायपिस्ट' लिही.

अमरदीप : ते कामाचं नाव झालं, साहेब. ताई, पूर्ण नाव सांगा.

हिम्मतराव : आडनाव नक्को. ते स्क्रीनवर दिसतं ना? गिऱ्हाईकं येतात.

भामा : माझं आडनाव बघून गिऱ्हाईकाला काय होतंय?

हिम्मतराव : मला काही नाही बाई. लोकांचं सांगतोय.

भामा : लोक कुठायत? इथं आपण तिघंच हावोत.

हिम्मतराव : चहा कुठंय अजून?

भामा : लिव्हा दादा. भामा सोनकांबळे. लांबलचक आहे. मावंल ना?

अमरदीप : मावतंय की.

हिम्मतराव : तू पण त्यातलाच काय रे?

अमरदीप : मी नांदेडचा, साहेब.

हिम्मतराव : गाव नाही विचारलं.

अमरदीप : कळलं मला काय विचारलं ते. ताई, आता पासवर्ड. तुमचा तुम्हीच टाका. मी तिकडं तोंड करतो.

भामा : अगं बाई! मी अक्षरं दाबायले, आन् नुसत्या चांदण्याच उमटायल्यात.

अमरदीप : बघणाऱ्याला तेवढ्याच दिसतात.

भामा : साहेबांनाबी?

अमरदीप : त्यांनाही.

हिम्मतराव : अरे वा! माझ्याच दुकानात मला दिसणार नाही?

भामा : साहेब, जरा तिकडं बघा.