तीनशे बारा दाखले

नाय मॅडम, परत सांगा – तीनशे बारा? आमच्या डॉक्टरांच्या एका लेखाचा तीनशे बारा जणांनी आपापल्या लेखात दाखला दिला? आणि त्या डॉक्टरी मासिकात पन्नास वर्षांत एवढा दुसऱ्या कुणाचाच नाय? बसा ना, खाट हलते पण पडणार नाय. तेच मोजायला निघालात तुमी – कुणाचं कुणी वाचलं, कुठवर पोचलं – आणि लेखाच्या शेवटी आभारात माझं नाव दिसलं, सोमी, म्हणून उमरोळी स्टेशनला उतरून इथवर चालत आलात? अहो, मी सातवी पास. पाड्यावर तेवढी एकच. म्हणून डॉक्टरांनी वही माझ्याकडं दिली – साठ पोरं, रोज एक चमचा रक्तवाढीचं औषध, पाजलं की नावापुढं खूण.

आणि शेवटी काय लिहिलंय? औषध या पोरांना लागू पडत नाय – असंच ना? कसं पडंल? दिवाळी झाली की पाडा वीटभट्टीवर, पोरं कडेवर. पावसाळ्यापर्यंत इथं आमचं घर सोडलं तर चिटपाखरू नसायचं. डॉक्टर रक्त तपासायला यायचे पावसाळ्यात, तेव्हा पाडा भरलेला. मधल्या महिन्यांच्या खुणा? मीच करायची. रोज साठ. कोरी वही बघून डॉक्टर दुसऱ्या पाड्यावर गेले असते – मग मला कुणी पुन्हा वही दिली असती? भरलेल्या बाटल्या त्या कणगीमागं... मी हे तुमाला का सांगते? तो मोबाईल बंद करा. केलात?

बरं, तो लेख खोडता येतो ना? डॉक्टर वारले, ठाऊक हाय. मासिकाला कळवा – सोमीनं खोटं लिहिलं. – वहीच नाय? रद्दीत गेली? म्हणजे पुरावा नाय, नुसतं म्हातारीचं बोलणं. आणि त्या तीनशे बारांचा दाखला पुढं आणखी कितींनी... कुठं कुठं औषध बंद झालं असंल त्यावरून? नको, सांगू नका. ही माझी नात – इकडं ये गं – खालची पापणी ओढून बघा. पांढरी फटक.

तुमी खरं लिहाल, मला कळतंय. पण लिहिताना त्या लेखाचं नाव घालावंच लागंल ना? चुकीचा म्हणून घातलंत, तरी तुमचं ते दाखले मोजणारं यंत्र तो दाखलाच धरणार? – म्हणजे आणखी एक वाढला.

उठा मॅडम. नाय, काय बोलू नका. जा.