देविदासभाऊंची चकचकीत पट्टी

मंडळी, आयाबायांनो,

आधी एक तक्रार. हा माइक माझ्या आधीच्या तीन उंच वक्त्यांच्या मापानं चिकटपट्टी गुंडाळून पक्का केलाय. मी गेली पाच मिनिटं टाचा उचलून उभा आहे. शोकसभेत बुटक्या माणसाच्या शोकाची काहीच सोय नसावी, याचा मी या व्यासपीठावरून निषेध नोंदवतो.

हसा, हरकत नाही. मी वेळ काढतोय. मला बोलायची भीती वाटून राह्यली. समोर रेखा बसलीय, देविदासभाऊंची लेक. आणि मला जे सांगायचंय ते तिच्या तोंडावर सांगायचंय.

देविदासभाऊ केदारखेड्याचे. आज्यानं मेंढरं राखली, बापानं शेती केली, यांनी जालना एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये फिटर म्हणून यंत्रं राखली. सुगी संपली, की हसनाबादच्या माळावर आपण जुन्या मोटारसायकलींची शर्यत घेतो, तिथं ते बापाची गाडी पळवायचे. कधी जिंकले नाहीत. एकही शर्यत कधी चुकवली नाही.

त्या शर्यतीचा तपासनीस मी. शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून आपल्या शर्यत कमिटीचे अध्यक्ष आण्णा म्हणाले, मास्तरला अस्सल-नक्कल कळत असेल.

नियम सगळ्यांना पाठ आहे. गाडी जुनी पाहिजे, तिचा प्रत्येक भाग कंपनीचा आणि त्याच काळातला पाहिजे. नक्कल बाद. हा नियम उगाच झाला नाही. एका वर्षी एका पठ्ठ्यानं जुन्या टाकीखाली नवंकोरं इंजिन दडवलं आणि बाकीच्यांना धूळ चारली. लोक चिडले, बराबर चिडले. नियम न्यायासाठीच होता.

पण जुनं ओळखायचं कसं? मी गंज बघायचो. गंजलेलं ते जुनं, चमकतं ते नक्कल. एवढी माझी विद्या. मंग लोक हुशार झाले. नवा भाग आठ दिवस मीठ-चिंचेच्या पाण्यात बुडवायचा, वर शेणमाती फासायची आणि माझ्यापुढं ठेवायचा. हे मला माहीत न्हवतं का? बिलकुल माहीत होतं. निम्म्या गाड्यांना लोणच्याचा वास यायचा. मी पास करायचो.

देविदासभाऊ यंदा गाडी घेऊन आले, तेव्हा पुढच्या ब्रेकला एक नवी पट्टी होती. ब्रेक दाबला, की चाकाबरोबर ब्रेकही फिरू नये म्हणून त्याला धरून ठेवते ती पट्टी. वीतभर लोखंड. जुनीला भोकापाशी तडा गेल्ता, म्हणून त्यांनी चांगल्या पोलादाची स्वतः घडवली. आरशासारखी चकचकीत. मी म्हणालो, ही बाद.

ते भांडले नाहीत. मीच त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, घरी न्या, मिठाच्या पाण्यात टाका, पुढच्या आठवड्यात आणा. डोळे झाकतो.

ते म्हणाले, "मास्तर, चांगल्या लोखंडाला मी माझ्या हातानं गंज चढवू? न्हाई व्हायचं."

मंग म्हणाले, "तुमी गंज बघून राह्यले. तडा कवा बघनार?"

मी हसलो. मला काहीतरी चावरं उत्तरही सुचलं होतं. ते काय, ते आज आठवत नाही. आठवू नये.

शर्यत चुकवायची नव्हती, म्हणून त्यांनी तिथंच ती तडा गेलेली जुनी पट्टी चढवली. नवी मी जप्त केली. दुसऱ्या दिवशी सरावाच्या फेरीत, बाभळीजवळच्या वळणावर, त्यांनी ब्रेक दाबला. मी वीस पावलांवर होतो. कट् असा आवाज आला. फार मोठा नव्हता. चाक जागीच अडकलं आणि गाडी उलटली. नंतर मी ती तुटलेली पट्टी पाहिली. अस्सल होती. कंपनीचा शिक्का शाबूत होता.

त्या दिवसापासून मला कुठंही कट् ऐकू येतं. सुपारी फोडली तरी. वर्गात खडू मोडला तरी.

आता येत्या रविवारी शर्यत आहे. भाऊंचा फोटो लावून, त्यांच्या स्मरणार्थ, त्याच नियमानं. रेखा बापाची गाडी चालवणार आहे. आणि आण्णांनी, श्रद्धांजली म्हणून, खास माणूस पाठवून जुन्या बाजारातून अस्सल पट्टी मागवली. काल ती बसवून रेखा माझ्याकडं तपासणीला आल्ती. पट्टीवर इतका जाड गंज, की खाली काय आहे ते देवालाही दिसू नये.

रेखानं विचारलं, "सर, पास हाय ना?"

मंडळी, नियमानं ती पास होती. रविवारी बघू, म्हणालो आणि घरात जाऊन कडी लावली. सकाळपर्यंत तेच वळण डोळ्यांपुढं. फक्त गाडीवर रेखा.

आण्णा, तुमच्या प्रेमावर माझा संशय नाही. पण जिंकायला केलेली नक्कल आणि जिवंत राहायला केलेली नक्कल आपण एकाच ओळीत बसवली. आणि ती ओळ माझ्या हातानं लिहिलीय. मला तुमची भीती वाटते, कमिटीची वाटते, उद्या सगळे नियम मोडतील याचीही वाटते. पण त्या आवाजाची जास्त वाटते.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलू नका. तेवढ्यात मी मंडपाबाहेर जाणार आहे, रेखाची गाडी तिथं उभी आहे. भाऊंची पट्टी माझ्या पिशवीत आहे, तेल लावून ठेवलेली. जुनी काढायची, ही बसवायची आणि पास झालेल्या गाडीला बांधतो ती शिक्क्याची तार हिला बांधायची. ती तार मी भाऊंना देणं लागतो. ज्याला ही तार तोडायची असेल, त्यानं रविवारी रेखासमोर तोडावी.

शांततेत पान्याचा आवाज येईल. तेवढा चालवून घ्या.

देविदासभाऊ, पट्टी पास आहे.